भाच्याचा टेक्स्ट गेम स्पर्धेला गेलाय. त्यावर लिहायचं काय?

रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाईल येते. नावाच्या शेवटी डॉट एचटीएमएल. खाली निरोप असतो, 'मामा, स्पर्धेला दिलाय. खेळून बघा आणि खरं काय ते लिहून पाठवा.' उघडून बघावं तर चित्र नाही, आवाज नाही, गाड्या नाहीत, बंदुका तर नाहीतच. दोन परिच्छेद मजकूर आणि खाली निळ्या अक्षरांत तीन ओळी. त्यातली एक दाबली की पुढचा मजकूर, पुन्हा तीन ओळी. पंधरा-वीस मिनिटांत 'समाप्त'. मामा चक्रावतात. याला गोष्ट म्हणायचं की खेळ? 'छान झालंय' लिहिलं तर पोरगं म्हणतं, 'हे नको, खरं सांगा.' आणि खरं म्हणजे काय सांगायचं तेच कळत नाही.

असे खेळ बनवायची साधनं आता फुकट मिळतात, ती साध्या लॅपटॉपवर चालतात, आणि हौशी लोकांसाठी स्पर्धाही आहेत. तेव्हा हा प्रश्न सांगली-मिरजेतल्या पुष्कळ मामा-मावश्यांपुढे, आणि मराठी शिकवणाऱ्या बाईंपुढेही, आज ना उद्या येणारच. त्यांच्यासाठी हा लेख.

आधी, हे आहे तरी काय

या प्रकाराला इंग्रजीत इंटरॅक्टिव्ह फिक्शन म्हणतात. वाचणाऱ्याने काहीतरी केल्याशिवाय पुढे न सरकणारी, मजकुरातून सांगितलेली गोष्ट. इथून पुढे आपण सरळ 'टेक्स्ट गेम' म्हणू, पोरंही तेच म्हणतात.

याचे ढोबळ प्रकार दोन. एकात तुम्ही दिलेल्या पर्यायांतून निवडता. मामांना आलेली फाईल ही त्यातली. दुसऱ्यात पडद्यावर नुसती रिकामी ओळ लुकलुकत असते आणि तुम्ही हुकूम टाईप करायचा असतो: दार उघड, उत्तरेला जा, कंदील घे. टाईप केलेलं वाचून त्याचा अर्थ लावणारा जो प्रोग्रॅमचा भाग, त्याला पार्सर म्हणतात.

जुना प्रकार पार्सरचाच. 1975-76 च्या सुमारास विल क्राउदर नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने असा पहिला गाजलेला खेळ लिहिला. त्याला गुहा धुंडाळायचा नाद होता. केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेचे नकाशे करण्यात त्याचा हात होता, आणि तीच गुहा त्याने आपल्या मुलींना खेळता यावी म्हणून शब्दांत उतरवली. 1977 मध्ये डॉन वूड्स याने तो खेळ वाढवला. मग एमआयटीतल्या काही जणांनी 1979 मध्ये इन्फोकॉम ही कंपनी काढली आणि पुढची काही वर्षं नुसत्या मजकुराचे खेळ डब्यात घालून दुकानात विकले गेले, चांगले खपलेही. नंतर संगणकावर चित्रं चांगली दिसू लागली आणि धंदा बसला. 1986 मध्ये कंपनी अ‍ॅक्टिव्हिजनने घेतली, 1989 मध्ये ती बंद झाली.

धंदा संपला, पण नाद राहिला. 1993 मध्ये ग्रॅहम नेल्सन या इंग्रज माणसाने इन्फॉर्म नावाचं फुकट साधन काढलं, ज्यातून इन्फोकॉमच्या धाटणीचे खेळ घरबसल्या लिहिता येऊ लागले. 2009 मध्ये क्रिस क्लिमासने ट्वाइन काढलं, ज्याला कोडिंग जवळजवळ लागतच नाही: चौकोनात मजकूर लिहायचा, चौकोन बाणांनी जोडायचे, झाला खेळ. भाच्याची फाईल बहुधा ट्वाइनमधूनच निघालेली असणार. म्हणजे ही कला गेली तीस-पस्तीस वर्षं मुख्यतः हौशी माणसांनी तगवलेली आहे. पैसे जवळपास नाहीत. जे आहे ते म्हणजे कुणीतरी खेळेल आणि त्यावर चार ओळी लिहील ही आशा.

स्पर्धेचे नियम, आणि सांगलीकराला त्यात ओळखीचं काय

सगळ्यांत जुनी आणि नावाजलेली स्पर्धा 1995 पासून दरवर्षी होते. तिचं नाव इंटरॅक्टिव्ह फिक्शन कॉम्पिटिशन, लाडाचं नाव आयएफकॉम्प. प्रवेशिका बहुतेक इंग्रजीत. फ्रेंच आणि जर्मन लेखकांनी आपापल्या भाषेत वेगळ्या स्पर्धा चालवल्या आहेत. सगळे खेळ एकदम खुले होतात आणि तिथून साधारण दीड महिना परीक्षण चालतं; 2023 पर्यंत हे ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून होई, 2024 मध्ये ते सप्टेंबरच्या सुरुवातीला आलं. खेळ आधी कुठे प्रसिद्ध झालेला नसावा. परीक्षक म्हणजे नेमलेली मंडळी नव्हेत. तुम्ही-आम्ही कुणीही नाव नोंदवून गुण देऊ शकतो. अटी मोजक्या. किमान पाच खेळांना गुण द्यायचे. गुण 1 ते 10. आणि खेळ कितीही मोठा असला तरी गुण पहिल्या दोन तासांत जे दिसलं त्यावरच द्यायचे. 2020 मध्ये या स्पर्धेत शंभराहून जास्त खेळ आले होते, तेव्हा ही मर्यादा का लागते ते वेगळं सांगायला नको.

हे सगळं सांगलीकराला परकं वाटू नये. 5 नोव्हेंबर 1843 ला विष्णुदास भाव्यांनी इथे सीतास्वयंवराचा प्रयोग केला, तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. आणि हौशी नाट्यस्पर्धा, एकांकिका स्पर्धा हा तर या गावाचा जुना आजार आहे. भावे नाट्यमंदिरात सकाळपासून ओळीने एकांकिका बघितलेल्या माणसाला टेक्स्ट गेमच्या स्पर्धेचं अर्धं गणित आपोआप समजतं. वेळेची मर्यादा का, नवी संहिता का, दुपारच्या जेवणानंतरच्या एकांकिकेवर अन्याय का होतो, सगळं. (त्या शेवटच्या अन्यायावर आयएफकॉम्पने तोडगा काढलाय: प्रत्येक परीक्षकाला यादी वेगवेगळ्या क्रमाने पिसून मिळू शकते, म्हणजे 'अ' वरून नाव असलेल्यालाच सगळे ताजेतवाने डोळे मिळत नाहीत.)

उरलेलं अर्धं गणित मात्र वेगळं आहे, आणि परीक्षण तिथेच फसतं.

दोन प्रेक्षकांनी एकच प्रयोग पाहिलेला नसतो

एकांकिकेत परीक्षक पुढच्या रांगेत बसलेला असो की तुम्ही बाल्कनीत, प्रयोग एकच असतो. मतं वेगळी होतील, पण नायकाने दुसऱ्या प्रवेशात कुणाला पत्र दिलं यावर वाद होणार नाही. टेक्स्ट गेममध्ये होतो. तुम्ही पत्र दिलं, मी फाडलं. आपण दोघांनी पाहिलेला दुसरा प्रवेश एक नव्हेच.

उदाहरण घेऊ. समजा एका मुलीने सांगलीच्या पुरावर खेळ लिहिलाय. गावभागातलं जुनं घर, रात्रीची वेळ. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एकच आकडा: कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. सुरुवात 40 वर, म्हणजे इशारा पातळी. तुम्ही एक काम केलंत की आकडा एकाने वाढतो. 45 ला धोक्याची पातळी. खेळ 57 ला थांबतो, कारण 2019 मध्ये पाणी त्याच्याही वर गेलं होतं आणि सांगलीत तो आकडा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. खाली आजी आहे, हळदीची पोती आहेत, आजोबांच्या नाटकाच्या वह्यांचं कपाट आहे, शेजारच्या काकूंची हाक आहे. माळ्यावर काय न्यायचं आणि कुठल्या क्रमाने, एवढाच खेळ.

यावर मामांनी लिहिलं: 'विषय हृदयस्पर्शी आहे. भाषा ओघवती आहे. पर्याय अजून हवे होते. लेखिकेला शुभेच्छा.'

यातलं एकही वाक्य खोटं नाही आणि एकही उपयोगाचं नाही. हेच चार वाक्यांचं परीक्षण पुढच्या वीस खेळांनाही चिकटवता येईल. आता हे बघा:

'मी आधी पोती वर नेली, कारण आजी झोपली होती आणि पाणी 42 लाच होतं. 46 ला तिला हाक मारली तर ती आधीच जिन्यात उभी होती. म्हणाली, "आधी पोती, मग मी. बरोबर आहे, पोती बोलत नाहीत." तिथे मला चर्र झालं, कारण मला क्रम निवडायला कुणी भाग पाडलं नव्हतं. मग पुन्हा सुरुवात करून आजीला पहिल्यांदा नेलं. तेव्हा ती माळ्यावर बसून पोती मोजत राहिली, आणि ते तितकं लागलं नाही. 49 नंतर मात्र गडबड आहे: कपाट मी वर नेलं होतं तरी खालच्या खोलीत ते पुन्हा दिसलं.'

पहिल्या चार वाक्यांत आणि या परिच्छेदात फरक लांबीचा नाही. दुसऱ्यात मामांनी स्वतः काय केलं, ते का केलं, आणि खेळ त्यावर काय म्हणाला, हे तिन्ही आहे. माझ्या मते टेक्स्ट गेमच्या परीक्षणाचा कणा एवढाच. बाकी सगळं, म्हणजे भाषा, विषय, पात्रं, यावर लिहायला आपल्याला शाळेपासून शिकवलेलं असतंच. 'मी हे केलं आणि त्याने असं उत्तर दिलं' हे लिहायला कुणी शिकवलेलं नसतं, कारण कादंबरी वाचताना आपण काही करतच नाही.

लेखिकेच्या बाजूनेही बघा. घरात बसून तिने सगळ्या वाटा स्वतः चालून पाहिल्यात, पण ती त्या विसरू शकत नाही. पोती आधी नेणाऱ्याला आजीचं वाक्य कसं लागेल हे तिला कधीच पहिल्यांदा अनुभवता येणार नाही. एकांकिकेचा दिग्दर्शक विंगेतून निदान प्रेक्षकांचे चेहरे तरी बघतो. टेक्स्ट गेमवाल्याचा प्रेक्षक आपापल्या घरी, आपापल्या फोनवर. त्याने लिहून पाठवलं तरच कळणार.

'पण निवडून काही बदलतच नाही की!'

ही तक्रार हमखास येते. दुसऱ्यांदा खेळताना लक्षात येतं की पोती आधी न्या नाहीतर आजीला, सकाळी होडी येतेच आणि सगळे त्याच होडीत बसतात. मग फसवल्यासारखं वाटतं.

जरा हिशोब करू. समजा खेळात दहा ठिकाणी दोन-दोन पर्याय आहेत आणि प्रत्येक पर्यायाची वाट खरोखर कायमची वेगळी होते. पहिल्या निवडीनंतर 2 वाटा, दुसरीनंतर 4, तिसरीनंतर 8, आणि दहावीनंतर 1024. हजारावर शेवट लिहायचे, आणि खेळणाऱ्याने त्यातला एक वाचायचा. कॉलेज सांभाळून खेळ लिहिणारी मुलगी सोडा, पगारी लेखकांची फौजही हे करत नाही. म्हणून जवळजवळ सगळे लेखक वाटा फुटू देतात आणि काही अंतरावर पुन्हा एका जागी आणतात. होडी ही ती जागा.

मग निवडीला अर्थ काय उरतो? खेळ लक्षात काय ठेवतो, त्यात. ट्वाइनसारख्या साधनांत व्हेरिएबल नावाची सोय असते. म्हणजे खेळाने मनात ठेवलेली एक नोंद, 'आजी कितव्या क्रमाने वर गेली' अशी. होडीतला प्रवेश सगळ्यांना तोच, पण ती नोंद बघून आजीच्या तोंडचं वाक्य बदलतं. पाण्याचा आकडाही अशीच एक नोंद.

तेव्हा परीक्षण लिहिताना 'शेवट एकच आहे' एवढं म्हणणं ही टीका झाली नाही. पुरात सगळ्यांचा शेवट साधारण सारखाच असतो, आणि कदाचित लेखिकेला नेमकं तेच म्हणायचं असेल. टीका अशी होऊ शकते: खेळाने मला निवडायला लावलं आणि पुढे कुठेच, एका शब्दानेही, ते लक्षात ठेवल्याचं दाखवलं नाही. किंवा, पर्याय तीन होते पण तिघांचा अर्थ एकच होता. किंवा, पर्यायात 'काकूंना उत्तर दे' लिहिलं होतं म्हणून दाबलं, तर माझं पात्र काकूंच्या अंगावर खेकसलं. असं होणार हे आधी कळायला हवं होतं. ही शेवटची खोट हौशी खेळांत फार दिसते आणि ती सांगितली तर दहा मिनिटांत दुरुस्त होते.

अडकलो, तर माझं मत धरायचं का?

धरायचं, पण कुठे अडकलो ते सांगून.

पार्सरच्या खेळात अडकणं ठरलेलं. तिथला सगळ्यांत कुप्रसिद्ध दोष म्हणजे शब्द ओळखायला लावणं. काय करायचं ते तुम्हाला कळलंय, दोर खांबाला बांधायचा आहे, पण तुम्ही 'बांध' म्हणता, 'गुंडाळ' म्हणता, 'अडकव' म्हणता, आणि खेळ प्रत्येक वेळी म्हणतो, समजलं नाही. त्याला नेमका चौथाच शब्द हवा असतो. हा तुमचा अडाणीपणा नव्हे. लेखकाला तो शब्द इतका उघड वाटलेला असतो की दुसरा कुणी दुसरं काही म्हणेल हे त्याच्या डोक्यातच आलेलं नसतं. म्हणून तुम्ही टाईप केलेले फसलेले शब्द हे परीक्षणातलं सोनं आहे. इंग्रजी पार्सर खेळांत 'स्क्रिप्ट' किंवा 'ट्रान्सक्रिप्ट' असा हुकूम दिला की तिथून पुढचं सगळं संभाषण फाईलमध्ये साठत जातं. अधूनमधून तारा, म्हणजे * ही खूण, टाकून पुढे स्वतःचा शेरा लिहायची पद्धत आहे: 'इथे कंटाळा आला', 'हे दार आधी का नाही दिसलं'. ती फाईल लेखकाला पाठवा. तुमच्या नेटक्या परीक्षणापेक्षा त्याला ती जास्त आवडेल.

पर्यायांच्या खेळात अशी फाईल आपोआप बनत नाही. वही घ्या. नाहीतर स्क्रीनशॉट काढत चला.

आणि वॉकथ्रू? म्हणजे शेवटापर्यंत कसं पोचायचं याची लेखकानेच दिलेली पायरीवार चावी. ती बघण्यात लाज काही नाही, स्पर्धेत वेळच दोन तासांचा आहे. फक्त 'तासभर स्वतः खेळलो, विहिरीपाशी अडकलो, मग चावी बघितली' असं मोकळेपणाने लिहा. चावी बघितल्यावर 'अरेच्चा, हे मला सुचायला हवं होतं' वाटलं की 'हे कुणाला कसं सुचणार?' वाटलं, हेही लिहा. कोडं चांगलं की वाईट, ते त्या क्षणाला कळतं.

हौशी पोरं आहेत, सांभाळून घ्यायला नको?

यावर माझं मत जरा टोकाचं आहे. हौशी स्पर्धेत सगळ्यांत जास्त नुकसान सांभाळून घेणारे करतात.

कुजकं बोलणाऱ्याचं सोडून द्या, तो ओळखू येतो. 'हे काय, यात ग्राफिक्सच नाहीत' असं लिहिणाराही ओळखू येतो. हातात मजकुराचा खेळ घेऊन त्याच्याकडे चित्रं मागणाऱ्याला काय उत्तर द्यायचं? पण 'पहिल्याच प्रयत्नाच्या मानाने उत्तम' हे वाक्य वरून गोड आणि आतून पोकळ आहे. त्यातून लेखकाला एकच गोष्ट कळते, की तुम्ही त्याला त्याच्या बरोबरीचं मानलं नाही. इथल्या हौशी रंगभूमीवर घडलेल्या कुठल्याही नटाला विचारा. निकालानंतर बाजूला घेऊन 'तुझा तिसरा प्रवेश पडला, का ते सांगतो' म्हणणारे परीक्षक त्याला नावानिशी आठवतात.

हौशी असण्याचा विचार करायचाच तर तो दुसऱ्या जागी करा. पैसे, माणसं, वेळ नसल्यामुळे जे झालं नाही, त्याला दोष देऊ नका: मुखपृष्ठाचं चित्र साधं आहे, संगीत नाही, खेळ वीस मिनिटांचाच आहे. पण ज्याला पैसा लागत नाही, नुसतं लक्ष लागतं, ते मागायला संकोच कशाला? शुद्धलेखन. वर नेलेलं कपाट खाली न दिसणं. आणि दुसऱ्या कुणाकडून तरी खेळ तपासून घेणं. श्रेयनामावलीत तपासनिसांची नावं नसली की जुने परीक्षक आधीच सावध होतात, आणि बहुधा त्यांचं खरं ठरतं.

रोख खेळावर ठेवा, पोरावर नको. 'तू आळशीपणा केलास' नको. 'पाणी 50 वर गेल्यावर सगळे पर्याय एका शब्दाचे झाले, आणि मला घाईघाईत गुंडाळल्यासारखं वाटलं' पुरे. आळस होता की परीक्षा आली होती, तुम्हाला कुठे माहीत?

दहापैकी किती?

गुण आणि परीक्षण ही दोन वेगळी कामं आहेत. गुण क्रम लावायला, परीक्षण लेखकासाठी आणि पुढच्या खेळणाऱ्यासाठी. गुण देताना मात्र आपली पट्टी सगळ्या खेळांना एकच ठेवा. तुमच्या लेखी 5 म्हणजे काय, हे पहिल्या खेळाआधी कागदावर लिहून ठेवलं की बरं. नाहीतर पहिल्याला कौतुकाने 8 जातात आणि नंतर त्याहून चांगला आला की जागाच उरत नाही.

सरासरी काय लपवते तेही बघा. समजा पाच जणांनी एका खेळाला 6, 6, 6, 6, 6 दिले. दुसऱ्याला 10, 10, 7, 2, 1. दोन्हींची बेरीज 30, दोन्हींची सरासरी 6. पण पहिला खेळ कुणाला फारसा आवडला नाही आणि कुणाला टोचलाही नाही. दुसऱ्यावर घरात भांडणं होतील. गुण सरासरीपासून किती दूर विखुरलेत हे मोजणाऱ्या आकड्याला प्रमाण विचलन म्हणतात. पहिल्याचं ते शून्य, दुसऱ्याचं पावणेचारच्या थोडं वर. आयएफकॉम्पमध्ये हा विखुरलेपणा सर्वांत जास्त असलेल्या खेळाला चक्क एक गमतीचं बक्षीस आहे, गोल्डन बनाना ऑफ डिसकॉर्ड; कलहाचं सोनेरी केळं म्हणा. मला हे पहिल्या क्रमांकाइतकंच मानाचं वाटतं. आपल्या एकांकिका स्पर्धांनीही ते उचलायला हरकत नाही, तिथे अशी केळी दरवर्षी निघतील.

खेळ मराठीत असेल तर आणखी काय बघायचं

इथे इंग्रजी परीक्षणं वाचून काही हाती लागत नाही.

टेक्स्ट गेम खेळणाऱ्याशी थेट बोलतो. इंग्रजीत 'यू' म्हटलं की खेळणारा बाई की पुरुष हा प्रश्नच उठत नाही. मराठीत 'तू गेलास' की 'तू गेलीस'? पहिल्याच वाक्यात लेखकाला ठरवावं लागतं. काही जण आधीच विचारून घेतात आणि सगळी क्रियापदं दोन-दोनदा लिहितात. काही जण ठराविक पात्रच देतात: तू मीनल आहेस, वय सोळा. आणि काही जण 'तुम्ही' वापरून सुटतात, कारण 'तुम्ही गेलात', 'तुम्ही थांबता' दोघांनाही चालतं. पण तेवढ्याने भागत नाही. 'तुम्ही दमलेले आहात' म्हटलं की गाडी पुन्हा तिथेच अडते. शिवाय घरात घडणाऱ्या गोष्टीत निवेदकाने 'तुम्ही' म्हणायचं आणि आजीने 'तू', हा सांधा कानाला खटकतो का तेही ऐका. पुराच्या त्या खेळात मी असतो तर पात्रच ठरवून टाकलं असतं.

दुसरी गोष्ट पडद्यावरची. खेळांत एकेक अक्षर टाईप झाल्यासारखं उमटवायची फॅशन आहे. इंग्रजीला ती शोभते. देवनागरीत 'कि' उमटताना आधी 'क' येतो आणि मग वेलांटी त्याच्या डावीकडे उडी मारून बसते. जोडाक्षरं आधी पाय मोडून उभी राहतात आणि मग जुळतात. वाचणाऱ्याचे डोळे दुखतात. शब्दाशब्दाने मजकूर उमटवला तर हा त्रास राहत नाही. परीक्षणात हे एका ओळीत सांगा, लेखक दुवा देईल.

मराठी पार्सरचं काम तर खरंच अवघड. 'पेटी' एकच, पण खेळणारा 'पेटी उघड', 'पेटीत बघ', 'पेटीवरचा कागद घे' असं काहीही टाईप करेल. 'दिवा' तर 'दिव्यात तेल घाल' म्हणताना रूपच बदलतो. वर निम्मे लोक रोमन लिपीत लिहिणार, तेही आपापल्या स्पेलिंगने. त्यामुळे मराठीत सध्या पर्यायांचेच खेळ करावेत असं मला वाटतं. एखाद्याने पार्सर केलाच, तर त्याला इंग्रजीची पट्टी लावू नका. किती रूपं ओळखली ते आधी मोजा.

शेवट फोडायचा का, आणि एआयचं काय

शेवट फोडू नका, पण त्यापायी मुद्दाही गिळू नका. परीक्षण दोन भागांत लिहावं: वरचा न खेळलेल्यांसाठी, खालचा 'इथून पुढे सगळं उघड आहे' अशी सूचना देऊन. लेखकाच्या कामाचं बहुतेक खालच्या भागात असतं.

एआयने मजकूर लिहिलाय अशी शंका आली तर आधी स्पर्धेचा नियम वाचा आणि लेखकाने तसं काही जाहीर केलंय का ते बघा. नुसत्या संशयावर आरोप करू नका. मजकूर गुळगुळीत असेल, सगळी पात्रं एकाच आवाजात बोलत असतील, गावभागातलं घर कुठल्याही गावातलं वाटत असेल, तर तेवढंच लिहा. तो दोष माणसाने केला तरी दोषच.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. आयएफकॉम्पमध्ये परीक्षण चालू असतानाही लेखकाला दुरुस्त केलेली फाईल चढवता येते. त्यामुळे तुम्हाला खाली दिसलेलं कपाट पुढच्या आठवड्यात खेळणाऱ्याला दिसेलच असं नाही, आणि तो तुमचं परीक्षण वाचून म्हणेल, हे कुठे आहे? परीक्षणाच्या वरच खेळल्याची तारीख, खेळावर आवृत्तीचा क्रमांक असेल तर तो, आणि फोनवर खेळलात की संगणकावर, एवढं टाका. चुकांची यादी परीक्षणात कोंबू नका. ती वेगळी, थेट लेखकाला पाठवा. भाचाच असेल तर त्याच व्हॉट्सअ‍ॅपवर, स्क्रीनशॉटसकट.